रोबोटिक हात राहू द्या, आधी तिची वही सरकायची थांबवा

वाचकाचं पत्र : "मी एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या सहावीतल्या एका मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा राहत नाही. ती वॉकर धरून वर्गापर्यंत येते. उजव्या हाताने लिहिते, पण चार ओळींनंतर अक्षर पसरतं आणि हात दुखायला लागतो. डावी मूठ बहुतेक वेळ आवळलेली असते. बोलणं सावकाश, आवाज बारीक. अभ्यासात मात्र हुशार. नववीतल्या पाच मुलामुलींनी ठरवलंय की विज्ञान प्रदर्शनासाठी तिच्याकरता रोबोटिक हात बनवायचा. तो तिला जेवण भरवेल आणि लिहायलाही मदत करेल. शाळेत अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी वस्तू बनवून पाहायची प्रयोगशाळा आहे, थ्रीडी प्रिंटर आणि आर्डुइनो (प्रोग्रॅम लिहून चालवायचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) आहे. खर्चायला अडीच हजार रुपये आणि हातात दोन महिने आहेत. मुलांचा उत्साह मोडायचा नाहीये. पण हे जमेल का? सुरुवात कुठून करू?"

नमस्कार बाई,

दोन महिन्यांत त्या मुलीच्या रोजच्या वापरात येईल अशी वस्तू तुमची मुलं नक्की करू शकतील. ती वस्तू रोबोटिक हात नसावी, आणि का नसावी हे मुलांना आकड्यांतच दिसेल. लॅबच्या किटमधली निळी छोटी सर्वो मोटर, एसजी-९०, साधारण १.८ किलो-सेंमी एवढा जोर लावते. म्हणजे २० सेंमी लांब दांड्याच्या टोकाला जेमतेम ९० ग्रॅम, तेही मोटर अडून थांबायच्या बेताला आल्यावर. दांड्याचं आणि चमच्याचं वजन त्यातच धरायचं. मोठी मोटर घेतली तर वजन उचललं जाईल, पण चमचा दाताला लागलाय, तिने मान वळवलीय, तिला ठसका लागलाय, यातलं काहीच मोटरला कळत नाही. ती ठरलेल्या कोनापर्यंत जाणारच. सेरेब्रल पाल्सीत मान आणि जबडा अचानक ताठ होऊ शकतो, त्यामुळे मोटरने चालणारा चमचा मुलाच्या तोंडापर्यंत नेणं हे शाळेच्या लॅबमध्ये करून पाहायचं काम नाही. मुलांना नुसतं "नको" म्हणू नका. सर्वोला पट्टी लावून टोकाला वजनं टांगायला सांगा. हिशोब त्यांचा त्यांनी केला की पुढचं बोलणं सोपं जातं.

आता तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य : "चार ओळींनंतर अक्षर पसरतं." पहिल्या ओळीपासून नाही, चार ओळींनंतर. म्हणजे हाताला लिहिता येतंय, पण टिकवता येत नाहीये. असं का होतं ते शोधण्यातच तुमच्या मुलांचा निम्मा प्रकल्प आहे.

शोधायला बसण्याआधी त्या मुलीला विचारा. "तुला काय जड जातं?" असं विचारलं तर मुलं बहुतेक वेळा "काही नाही" म्हणतात. त्यापेक्षा विचारा, "मैत्रीण तुझ्यासाठी रोज काय काय करते, आणि त्यातलं कुठलं तुला स्वतःला करायचंय?" तिचं बोलणं सावकाश आहे, म्हणून प्रश्न विचारून थांबा. तिचं वाक्य दुसऱ्याने पुरं करायचं नाही, हा नियम पाचही जणांनी पाळायचा. तिने लिहिण्याऐवजी दुसरंच काही सांगितलं, उदाहरणार्थ दप्तराची चेन, पाण्याची बाटली किंवा स्वच्छतागृह, तर प्रकल्प तिकडे वळवा. आईवडिलांची परवानगी लेखी घ्या आणि आईला पहिल्याच भेटीला बोलवा. कुठल्या वेळी स्नायू जास्त आवळतात, कशाने सैल होतात हे आईइतकं कोणी सांगू शकत नाही.

मग दोघांनीच, घोळका न करता, एक पूर्ण दिवस वर्गात मागे बसून नोंदी करायच्या. वही किती वेळा सरळ करावी लागली, पेन्सिल किती वेळा पडली, लिहिताना डावा हात कुठे होता, पाय कुठे होते, किती मिनिटांनी ती थांबली. कोणाचा हात तिच्या मदतीला कधी आला, ही नोंद सर्वांत महत्त्वाची.

बघणाऱ्याचं लक्ष साहजिकच लिहित्या हाताकडे जातं. घोटाळा मात्र बहुधा दुसरीकडे असतो, आणि तो शोधायचा क्रम ठरलेला आहे : आधी कंबर, मग वही, शेवटी पेन्सिल.

ती बाकावर बसते तेव्हा पाय जमिनीला टेकतात का पाहा. शाळेतले बाक एकाच मापाचे असतात, त्यामुळे लहान चणीच्या मुलांचे पाय लोंबकळतात. पाय अधांतरी असले की कंबर पुढे घसरते, पाठीला पोक येतं, आणि पडू नये म्हणून मूल हातांवर भार देतं. ज्या हाताने लिहायचं त्याच हाताने तोलही सांभाळायचा, म्हणून चार ओळींत हात भरून येतो. हे खरं आहे का, ते एका रुपयाचाही खर्च न करता तपासता येतं. पायाखाली जुन्या पुस्तकांचा गठ्ठा ठेवा, कमरेमागे घडी घातलेली चादर ठेवा, आणि दहा मिनिटं उतारा लिहायला द्या. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला गठ्ठा आणि चादर काढून तेवढाच उतारा द्या. दोन्ही एकाच दिवशी घेतलंत तर दुसऱ्या उताऱ्यात थकवा मिसळेल आणि तुलना फसेल. ओळी मोजा, वही किती वेळा सावरली ते मोजा, आणि कसं वाटलं ते तिला विचारा.

फरक दिसला तर मापं घ्या. मुलगी अकरा-बारा वर्षांची असेल, तेव्हा मापं तुम्ही किंवा गटातल्या मुलींनी, आईसमोर घ्यायची. ती ताठ बसलेली असताना, कंबर आणि गुडघे साधारण काटकोनात ठेवून, तीन मापं लागतात. पहिलं, पाठीमागच्या टेकूपासून गुडघ्यामागच्या खळीपर्यंतचं अंतर. त्यातून तीन सेंमी वजा केले की बैठकीची खोली मिळते. बैठक त्याहून खोल असेल तर कडा गुडघ्यामागे रुतते, आणि ती टाळायला मूल पुढे सरकून पोक काढून बसतं. दुसरं, गुडघ्यामागच्या खळीपासून टाचेपर्यंत. तिच्या पायात स्प्लिंट (पाय सरळ धरणारा आधार) आणि बूट असतील तर ते घालूनच, नाहीतर पायपेटी, म्हणजे पाय टेकवायची पेटी, दोन-तीन सेंमीने चुकते. तिसरं, बैठकीपासून कोपरापर्यंतची उंची. लिहिण्याचा पृष्ठभाग कोपराच्या दोन-तीन सेंमी वर असावा. त्याहून उंच असेल तर खांदे कानाकडे चढतात, आणि मान आखडली की हातही आखडतो.

पायपेटी पुठ्ठ्याची करा. खोक्याच्या पन्हाळीदार पुठ्ठ्याचे तुकडे फेव्हिकॉलने एकावर एक चिकटवायचे, प्रत्येक थराच्या पन्हाळी आधीच्या थराला आडव्या ठेवायच्या. सगळे थर एकाच दिशेने लावले तर पेटी एका बाजूला वाकते. रात्रभर विटांखाली दाबून ठेवायचं. जाड खोक्याचे चार थर झाले की दोन-अडीच सेंमी जाडीचा, मुलाचा भार सहज पेलणारा पाट मिळतो. अशा पाटांची पेटी करून वर वर्तमानपत्राचे कपटे खळीने चिकटवा आणि ऑइल पेंटचे दोन हात द्या. रंगाचा कंटाळा केला तर पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरून फुगतो आणि बसतो. पेटीच्या खाली आणि वर सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चिकटवा, म्हणजे पेटी फरशीवर सरकणार नाही आणि पाय पेटीवरून घसरणार नाहीत. बैठकीच्या जमिनीपासूनच्या उंचीतून दुसरं माप वजा केलं की पेटीची उंची मिळते; पेटी त्याहून थोडी कमी ठेवून वर सुट्या फळ्या ठेवा. मूल वाढलं की एक फळी काढून टाकायची.

एवढं करूनही कंबर पुढे घसरत असेल तर थांबा आणि तज्ज्ञांना विचारा. छातीला पट्टा बांधून मुलाला सरळ बसवणं हा उपाय नाही. घसरून तो पट्टा गळ्याशी येऊ शकतो. पट्टा लागलाच तर तो पोटावरून नाही, मांड्या आणि कमरेच्या सांध्यावरून, बैठकीशी साधारण ४५ ते ६० अंशांचा कोन करून जातो, आणि एका ओढीत सुटायला हवा.

आता वही. आपण लिहिताना दुसरा हात काय करतो ते मुलांना स्वतःवर करून पाहायला सांगा. डावा हात पाठीमागे बांधल्यासारखा ठेवून एक पान लिहा म्हणावं. वही फिरते, वर सरकते, आणि ती थोपवायला उजव्या हाताचं मनगट वहीवर दाबलं जातं. त्या मुलीचं दर ओळीला हेच होत असणार. म्हणून आमच्या मते तुमच्या मुलांनी करायची मुख्य वस्तू म्हणजे वही धरून ठेवणारा उतरता लेखनफलक.

माप असं घ्या. लाँग बुक उघडल्यावर साधारण ३४ बाय २७ सेंमी होतं, त्यासाठी ४५ बाय ३२ सेंमीचा फलक पुरे. वरची फळी सहा एमएम प्लायची. बारा एमएमचा एवढा तुकडा एकटाच किलोभर भरतो आणि मग फलक बाकावरून उचलायला रोज कोणाला तरी बोलवावं लागतं. सहा एमएमचा अर्धा-पाऊण किलोत बसतो. उतार २० अंशांपासून सुरू करा. ३२ सेंमीच्या फळीला २० अंशांसाठी मागची उंची ११ सेंमी लागते, १५ अंशांसाठी सव्वाआठ. नववीच्या मुलांना हा त्रिकोणमितीचा चांगला सराव आहे. आधी पुठ्ठ्याची पाचर करून दोन्ही कोन तिला वापरायला द्या आणि मगच प्लाय कापा. फार उतार दिला तर हातच खाली घसरतो आणि खांद्याला जास्त काम पडतं, म्हणून "जास्त तिरकं म्हणजे जास्त चांगलं" असं धरू नका. खालच्या कडेला वही अडायला आठ-दहा एमएम उंचीची पट्टी हवी, पण ती पूर्ण रुंदीभर लावू नका. उजवीकडे जिथे तिचा पुढचा हात टेकतो तिथे पट्टी नको, ती टोचते. सगळ्या कडा सँडपेपरने गोल करा, आधी ८० नंबरने, मग १२०, मग २२०. फलकाच्या तळाला पुन्हा ट्यूबच्या पट्ट्या लावा. ट्यूबसाठी चप्पल-बूट दुरुस्त करणारे वापरतात ते सोल्युशन घ्या. ते दोन्ही बाजूंना लावून दहा मिनिटं सुकू द्यायचं आणि मग दाबायचं. ओल्यावरच चिकटवलं तर आठवड्यात सुटतं. हे काम उघड्या हवेत करा, वास डोक्यात जातो.

वही धरायची कशाने, यात खरी गंमत आहे आणि इथेच बहुतेक गट फसतात. पहिली कल्पना बुलडॉग क्लिपची येते. वही घट्ट बसते, पण ती क्लिप एका हाताने उघडत नाही. पान उलटायला शेजारची मुलगी लागते, म्हणजे आपण नुसती मदतीची जागा बदलली. दुसरी कल्पना लोहचुंबकाची. पत्रा बसवून वर छोटे, जोरदार चुंबक ठेवले तर वही धरली जाते, पण असे दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याला भोक पाडू शकतात, म्हणून ते शाळेत नकोतच. चालतो तो साधा इलॅस्टिकचा पट्टा. २० ते २५ एमएम रुंदीचा इलॅस्टिक वहीच्या डाव्या पानावरून, बाहेरच्या कडेपासून तीनेक सेंमी आत, उभा घ्यायचा; वरचं टोक फळीच्या मागे पक्कं, खालचं टोक वेल्क्रोने, त्याला बोट अडकेल असा कापडी फासा. उजव्या पानाला दुसरा पट्टा लावू नका, लिहिण्याच्या आड येतो. त्याऐवजी वहीच्या खाली, फळीवर, कपाटाच्या खणात अंथरतात ती जाळीदार रबरी चटई चिकटवा. वहीचा पुठ्ठा तिच्यावर घट्ट बसतो.

चाचणी मात्र कडक ठेवा : फासा सोडून, पान उलटून, पट्टा परत लावायचं काम तिने एकटीने, एका हाताने करायचं. पंधरा-वीस सेकंदांत जमलं तर ती वापरेल. त्याहून वेळ लागला तर वर्ग पुढे जातो आणि फलक कपाटात जातो. शिवाय नवी वही आणि निम्मी भरलेली वही दोन्ही लावून पाहा. वही भरत जाते तशी डावी बाजू जाड होते, आणि जूनमध्ये बरोबर बसलेला पट्टा दिवाळीपर्यंत ताणून पानं मुडपायला लागतो. वेल्क्रोचा खालचा पट्टा दहा सेंमी लांब ठेवलात तर हे आपोआप सांभाळलं जातं.

डाव्या हातासाठी फलकावर एक खुंटी उपयोगी पडू शकते, अडीच-तीन सेंमी जाडीची, मुठीत धरायला. ती धरली की काही मुलांचा डावा खांदा स्थिर होतो आणि उजवा हात मोकळा सुटतो. काहींचा मात्र डावा हात आवळला की उजवाही सोबत आवळतो आणि लिहिणं आणखी बिघडतं. म्हणून ती आधी क्लॅम्पने तात्पुरती लावून बघा. आणि उभी खुंटी कधीही उघड्या टोकाची ठेवू नका. मुलगी झटक्याने पुढे झुकली तर तिचा डोळा नेमका तिथे येतो. आडवा, दोन्ही टोकांना बसवलेला दांडा जास्त सुरक्षित.

पेन्सिलचं काम सगळ्यात सोपं आहे. एसी दुरुस्त करणाऱ्यांकडे तांब्याच्या नळीवर चढवायची काळी फोमची नळी मिळते. पाव इंची नळीसाठीची घ्या, ती साध्या पेन्सिलवर घट्ट बसते. पाच-सहा सेंमीचा तुकडा पुरतो. पकड जाड झाली की बोटं कमी आवळावी लागतात. त्याने भागलं तर पुढे जाऊच नका. नाही भागलं तर पेन्सिलभोवती कणकेचा गोळा लावून तो तिला धरू द्या, बोटांचे खड्डे नीट उमटू द्या, आणि त्या आकारावरून थ्रीडी प्रिंटरवर पकड काढा. एम-सील थेट तिच्या हातात देऊन आकार घेऊ नका, न वाळलेलं एपॉक्सी कातडीला झोंबतं. आणि पकड बदलण्याआधी लिहिण्याचं साधनच बदलून पाहा. एचबीऐवजी टूबी पेन्सिलला दाब कमी लागतो, बॉलपेनपेक्षा जेलपेनला कमी. दहा रुपयांत जे होतं ते आधी.

प्रिंटरबद्दल दोन गोष्टी. पीएलए, म्हणजे प्रिंटरमध्ये सहसा वापरतात ते प्लॅस्टिक, साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडतं, म्हणजे उन्हात उभ्या बंद गाडीत राहिलेली वस्तू वाकडी होते आणि गरम पाण्याने धुता येत नाही. छापलेल्या थरांच्या खाचांत अन्न अडकतं, म्हणून चमचा किंवा तोंडात जाणारं काहीही छापू नका. दुसरं, छापलेली वस्तू थरांच्या मधून तुटते. लांब दांडा उभा छापला तर तो पहिल्याच दाबाला कडकन जातो. आडवा ठेवून छापा.

जेवणाचा विषय तुमच्या मुलांनी काढलाच आहे, तर तोही मोटरशिवाय बराच सुटतो. खाली सतरंजीवर पोषण आहाराला बसताना पाय लांब केले की मांडीच्या मागचे आखडलेले स्नायू कंबर मागे ओढतात आणि तोल जातो. तिला भिंतीच्या कोपऱ्यात, कमरेखाली दहा-बारा सेंमी उंच पाट देऊन बसवलं तर बराच फरक पडतो, पुढ्यात छोटं चौरंगासारखं टेबल हवं. आणि इतर चार मुलींनीही तिच्याजवळ तसंच बसावं, तिला एकटीला बाजूला काढू नये. परदेशी चित्रफितींत सपाट बशीला लावायची कड दाखवतात. आपल्या स्टीलच्या उभ्या काठाच्या ताटात ती सोय असतेच, खिचडी काठावर लोटून चमच्यात घेता येते. ताट सरकू नये म्हणून खाली तीच रबरी जाळी. चमच्याच्या दांड्यावर फोमची जाड नळी चढवा, रोज धुवायला निघेल अशी. मनगट वळत नसेल तर स्टीलचा पातळ चमचा मानेपाशी तिच्या तोंडाकडे वाकवा. उजव्या हाताने खाणाऱ्याचा चमचा डावीकडे वाकतो. किती, ते तिने खाऊनच ठरेल. प्लॅस्टिकचा चमचा नको. जबडा अचानक आवळला तर तो तुटून तुकडा घशात जाऊ शकतो. खाताना मान मागे टाकलेली नसावी, हनुवटी किंचित खाली असावी. तिला जेवताना नेहमी ठसका लागत असेल तर चमच्याचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवायला सांगा.

"पण मग आर्डुइनोचं काय?" मुलं हे विचारणारच, आणि त्यांच्या हौसेला एक चांगलं काम आहे. तिचा आवाज बारीक आहे, म्हणजे बाईंना हाक मारणं, स्वच्छतागृहाला जायचंय हे सांगणं अवघड जात असणार. रिमोटवर चालणारी घराची बेल घ्या. रिमोटच्या आत एक चार पायांचं छोटं बटण असतं. दाबल्यावर ज्या दोन पायांमध्ये जोड होतो ते मल्टिमीटरने शोधा, त्यांना दोन वायरी डाखून बाहेर ३.५ एमएमचं मोनो सॉकेट काढा. या सॉकेटचा फायदा असा की दिव्यांग मुलांसाठी मिळणारे बहुतेक तयार स्विच याच पिनचे असतात; उद्या तिला दुसरा स्विच मिळाला तर तोही चालेल. मोठा स्विच मुलांनी करावा : जेवणाच्या प्लॅस्टिक डब्याचं आठ-दहा सेंमीचं झाकण, खाली मायक्रोस्विच, आणि झाकण परत वर यायला तीन ठिकाणी फोमचे तुकडे. हा स्विच झाकणाच्या मधोमध दाबल्यावरही चालला पाहिजे आणि कडेला दाबल्यावरही. कडेला अडत असेल तर फोम उंच आहे. नकळत हात लागून बेल वाजत असेल तर इथे आर्डुइनो कामाला येतो. स्विच अर्धा-एक सेकंद दाबून ठेवला तरच बेल, असा छोटा प्रोग्रॅम लिहायचा. तो वेळ तिच्याबरोबर बसून ठरवा, कारण फार लांब ठेवला तर तिचाच हात थकतो. स्विच कुठे बसवायचा? तिचा हात आपोआप जिथे जातो तिथे. रिमोटमध्ये बटणाच्या आकाराचा सेल असेल तर झाकण स्क्रूने बंद करा. असा सेल गिळला गेला तर तासा-दोन तासांत अन्ननलिका जळू लागते.

बेल सगळ्या वर्गासमोर वाजलेली तिला आवडेल का, हेही विचारा. कदाचित ती म्हणेल, आवाज नको, बाईंच्या टेबलावर दिवा लागू दे. तसं म्हणाली तर दिवा.

तज्ज्ञांशिवाय हे सगळं करू नका. तालुक्याच्या गट साधन केंद्रात सरकारच्या समग्र शिक्षा योजनेचे विशेष शिक्षक असतात, त्यांना पहिल्याच आठवड्यात बोलवा. जिल्हा रुग्णालयात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र असेल तर तिथल्या थेरपिस्टना पुठ्ठ्याचा नमुना आणि तिचा बसलेला फोटो दाखवता येईल, अर्थात आईच्या परवानगीने. मुंबईच्या जवळ असाल तर हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्थेत ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं स्वतः करता यावीत यासाठीच्या उपचारांचा विभाग आहे. पायाचे स्प्लिंट, वॉकर, चाकाची खुर्ची, म्हणजे ज्यावर तिच्या शरीराचा पूर्ण भार पडतो किंवा ज्याने सांधा धरला जातो, ते मुलांनी बनवायचं नाही. त्यासाठी दिव्यांगांना साधनं देणारी केंद्र सरकारची अॅडिप योजना आहे आणि अशी साधनं बनवणाऱ्या अॅलिम्को या सरकारी कंपनीची शिबिरं होतात. दिव्यांगांचं वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी काढलेलं नसेल तर ते आधी काढून घ्या.

अंगाला टेकणारी कुठलीही वस्तू पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटंच वापरायची. मग काढून कातडी बघायची. लाली अर्ध्या तासात गेली तर ठीक. राहिली तर तिथे दाब पडतोय, वस्तू दुरुस्त होईपर्यंत बंद. तिला दुखत नाही म्हणाली तरी बंद.

प्रदर्शनाबद्दल स्पष्ट बोलतो. तिला स्टॉलवर बसवून लिहून दाखवायला लावू नका, तिच्यावर तशी वेळ आणायचा कोणाला अधिकार नाही. तिची इच्छा असेल तर ती गटाची सहावी सदस्य म्हणून, नाव लावून येईल, कारण चाचण्यांचं निम्मं काम तिने केलेलं असेल. इच्छा नसेल तर फलक, मोजमापं आणि आधीचे फसलेले पुठ्ठे मांडा. परीक्षकांना चकचकीत मोटरपेक्षा वीस दिवसांच्या ओळींचा आलेख जास्त पटवून देईल, आणि नाही पटला तरी फलक तिच्या बाकावर राहील. फलक आला म्हणून तिचा परीक्षेतला जादा वेळ किंवा लेखनिक काढून घेण्याची सूचना कोणी केली तर ठाम नकार द्या. त्या सवलती २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात आहेत. फलकाने वर्गातलं लिहिणं सोपं होतं, तीन तासांचा पेपर ही वेगळी गोष्ट आहे.

वेळेचं गणित असं धरा : पहिले दहा-बारा दिवस फक्त बघणं, विचारणं आणि पुस्तकांच्या गठ्ठ्याची चाचणी. पुढचे दोन आठवडे पुठ्ठ्याचे नमुने, तीन तरी. प्लायला हात पाचव्या आठवड्यात. शेवटचे पंधरा दिवस काही बनवायचं नाही, वस्तू तिच्याकडे राहू द्यायची आणि काय सुटलं, काय टोचलं ते टिपायचं. उशीर झाला तर बेल गाळा, हे दिवस कापू नका.

फलक दोन करा, एक शाळेत आणि एक घरी. वॉकर धरून येणाऱ्या मुलीला तो रोज नेता येणार नाही. प्लाय एकाच वेळी कापला तर दुसऱ्याला फार खर्च येत नाही, सुतारांकडे उरलेले तुकडेही मिळतात. तुमची मुलं पुढच्या वर्षी दहावीत जातील आणि वेळ देऊ शकणार नाहीत. म्हणून सगळ्या भागांचे पुठ्ठ्याचे फर्मे, मापांचा कागद, इलॅस्टिकचा आणि वेल्क्रोचा एकेक जादा तुकडा एका पिशवीत घालून लॅबच्या कपाटात ठेवा, आणि आठवीतल्या दोघांना आत्तापासून गटात घ्या. पायपेटीची उंची आणि फलकाचं माप जूनमध्ये आणि दिवाळीनंतर, असं वर्षातून दोनदा पुन्हा तपासायचं काम त्यांच्याकडे.